बाजाराची डागडुजी

'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकीय खेळाचा दुसरा भाग १९९९ साली बाजारात आला. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत महाविद्यालयीन वसतिगृहांतून ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांना त्यातील मध्ययुगाची ओळख करून द्यायला नको. चार संगणक तारेने जोडायचे, प्रत्येकाने एकेक साम्राज्य घ्यायचे आणि पहाटेपर्यंत एकमेकांचे किल्ले पाडायचे, असा तो क्रम असे. तास-दीड तासात नकाशावरच्या सोन्याच्या खाणी संपत. मग ज्याच्याकडे व्यापार असे तो टिके, इतरांच्या फौजा पगाराविना असल्यासारख्या विरून जात.

अशाच एका रात्री आमच्यातील एका मित्राने डाव संपत आला असताना पक्ष बदलला आणि ज्याच्याशी तासभर व्यापार केला त्याचाच बाजार जमीनदोस्त केला. भांडण झाले. 'या खेळातील व्यापाराची व्यवस्थाच सदोष आहे, ती दुरुस्त केली पाहिजे' असे आम्ही एकमताने ठरवले, आणि वहीच्या मागच्या पानावर नवे नियम लिहून काढले. ते पान केव्हाच हरवले. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. पुढे मध्ययुगीन व्यापाराविषयी थोडेफार वाचन झाल्यावर लक्षात आले की आम्ही दुरुस्ती भलत्याच जागी सुचवत होतो.

आधी मूळ व्यवस्था पाहू. या खेळात व्यापार दोन प्रकारचा आहे. पहिला बाजारातील खरेदी-विक्रीचा. धान्य, लाकूड वा दगड शंभराच्या पटीत विकून सोने घ्यायचे, किंवा उलट. भाव सर्व खेळाडूंना एकच. कोणीही विकले की सर्वांसाठी उतरतो, कोणीही घेतले की सर्वांसाठी चढतो. प्रत्येक व्यवहारावर तीस टक्के कसर बसते, ती 'गिल्ड' अर्थात श्रेणी स्थापन केल्यावर निम्मी होते. दुसरा प्रकार गाड्यांचा. आपल्या बाजारातून निघालेला गाडा दुसऱ्या खेळाडूच्या बाजाराला शिवून परत आला की सोने मिळते; अंतर जितके अधिक तितके सोने अधिक. १९९७च्या पहिल्या भागात व्यापारी गलबतावर निदान लाकूड किंवा धान्य चढवावे लागे. दुसऱ्या भागात गाड्यात काय भरले आहे हा प्रश्नच उरला नाही. मालाशिवाय व्यापार! सोने जणू रस्त्याच्या धुळीतूनच उपजते.

आमचा पहिला आक्षेप भावांविषयी होता. एकाने लाकूड विकून भाव पाडावेत आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याने सोसावा, हे अन्यायाचे वाटे. म्हणून 'भाव बांधून द्यावेत' हा आमचा पहिला नियम होता. इतिहासात हा प्रयोग झालेला आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अल्लाउद्दीन खल्जीने (राज्यकाल १२९६ ते १३१६) दिल्लीच्या बाजारात गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल, जवाचा चार आणि तांदळाचा पाच असा ठरवून दिला, असे झियाउद्दीन बरनी लिहितो. धान्याची सरकारी कोठारे उभारली, मंडीवर शहना नेमला, धान्य वाहणाऱ्या तांड्यांना कुटुंबकबिल्यासह यमुनेकाठी वसवून त्यांना एकमेकांचे जामीन केले, कापडासाठी 'सराय-ए-अद्ल' नावाचा वेगळा बाजार काढला. माप मारणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचे तितकेच मांस कापून घ्यावे अशी शिक्षा होती. बरनीच्या म्हणण्यानुसार अवर्षणातही भाव हलला नाही. मात्र ही सारी व्यवस्था एका माणसाच्या धाकावर उभी होती. १३१६ साली सुलतान वारला आणि त्याच्या पुत्राच्या कारकीर्दीत ती पाहता पाहता कोसळली. हुकमाने भाव बांधता येतो, पण हुकूम देणाऱ्याच्या पश्चात तो टिकेल याची हमी हुकमात नसते.

दुसरा आक्षेप अंतराविषयी. लांब गेल्याने पैसा का मिळावा? खरे तर या नियमात तथ्याचा अंश आहे. मलबारात मुबलक मिळणारे मिरे कैरोत दुर्मीळ, म्हणूनच तेथे त्यांना किंमत. पण अंतर म्हणजे केवळ मैल नव्हेत. अंतर म्हणजे काळ, आणि काळ म्हणजे अज्ञान. माल पाठवल्यापासून त्याचे काय झाले हे कळेपर्यंत जे महिने जातात, त्या महिन्यांत व्यापाऱ्यापाशी दुसऱ्याच्या शब्दाखेरीज काहीही नसते.

याचा सर्वांत जिवंत पुरावा कैरोच्या जुन्या भागातील, म्हणजे फुस्तातच्या, बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये सापडलेल्या कागदपत्रांत आहे. 'गनिझा' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या साठ्याचा शे. डो. गॉइटाइन यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यात अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याची पत्रे आहेत. मूळचा ट्युनिशियातील महदियाचा हा माणूस ११३२च्या सुमारास मंगळूर परिसरात आला आणि ११४९पर्यंत बहुतांश काळ मलबार किनाऱ्यावर राहिला. अमिताव घोष यांच्या 'इन अ‍ॅन अँटिक लँड' (१९९२) या पुस्तकामुळे तो अनेक वाचकांना परिचित असेल. एडनमधील त्याचे भागीदार त्याला तांबे, कागद, साखर, मनुका पाठवत. तो त्यांना मिरे, वेलदोडे, लोखंड आणि आपल्या कारखान्यातील काशापितळेची भांडी पाठवी.

या पत्रांत एक प्रकरण वारंवार डोके वर काढते. किनाऱ्यावरील एका 'कारदारा'ने वेलदोड्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि माल दिलाच नाही. (हा शब्द मराठी वाचकाला परका वाटू नये.) एडनच्या भागीदारांचा जीव त्या पैशांत अडकला होता. त्यांच्यापैकी एकजण बेन यिजूला सुचवतो की, देणे न फेडणाऱ्याला आम्ही येथे बहिष्कृत करतो, अशी भीती त्याला घालून पाहा. समुद्रापलीकडे कोर्ट नाही, शिपाई नाही. शस्त्र एकच, अब्रू. अव्हनर ग्राइफ या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ साली याच कागदपत्रांच्या आधारे असे मांडले की मगरिबी व्यापाऱ्यांचा गट लबाड अडत्याची वार्ता एकमेकांना कळवून त्याला सामूहिकरीत्या वाळीत टाकत असे, आणि त्या भयावर सारा व्यापार चाले. २०१२ साली जेरेमी एडवर्ड्स व शीला ओगिल्वी यांनी हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. हे व्यापारी न्यायालयातही जात आणि गटाबाहेरच्यांशीही व्यवहार करत, असे त्यांचे म्हणणे. वाद संपलेला नाही. परंतु व्यापार भावापेक्षा भरवशावर अधिक अवलंबून होता, हे दोन्ही पक्षांना मान्य करावेच लागते.

तिसरी बाब राजाची. खेळात राजा म्हणजे आपणच, आणि व्यापारी आपला नोकर. त्यामुळे राजाने व्यापाऱ्याला लुबाडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इतिहासात तो सतत उद्भवतो. आपल्याच किनाऱ्यांवरचे तीन पुरावे बोलके आहेत.

दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याच्या १००८ सालच्या खारेपाटण ताम्रपटात एका देवस्थानाला दिलेल्या दानात परद्वीपांहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण असा उल्लेख येतो. दर ठरलेला आहे आणि तो तांब्यावर कोरलेला आहे. परका नाखवा बंदरात शिरण्यापूर्वी आपले देणे मोजू शकतो.

दुसरा पुरावा आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्लीचा. काकतीय राजा गणपतिदेव याने १२४४च्या सुमारास तेथे शिलालेख कोरवला. तो 'अभयशासन' या नावाने ओळखला जातो. वादळात सापडून भलत्याच किनाऱ्याला लागलेल्या गलबतांचा सारा माल पूर्वीचे राजे बळाने हिरावून घेत असत. आम्ही मात्र ठरलेल्या शुल्काखेरीज काहीही घेणार नाही, असे गणपतिदेव त्यात जाहीर करतो. शुल्क तीसास एक. जीव धोक्यात घालून सागर ओलांडणाऱ्यांना संपत्ती प्राणांहून प्रिय असते, ही जाणीव त्या लेखात आहे.

तिसरा पुरावा ठाण्याचा, आणि तो आपल्याला भूषणावह नाही. मार्को पोलो सांगतो की ठाण्याच्या राजाचे चाच्यांशी संगनमत होते. चाच्यांनी गलबते लुटावीत आणि त्यातील घोडे तेवढे राजाला द्यावेत, असा तो करार. घोडे समुद्रमार्गे येत आणि राजाला त्यांची गरज होती. मोल देऊन घेण्यापेक्षा ही वाट त्याला स्वस्त वाटली. हाच पोलो मोटुपल्लीला 'मुत्फिली' म्हणतो आणि तेथील राणीच्या न्यायाची प्रशंसा करतो. ती राणी म्हणजे गणपतिदेवाची कन्या रुद्रमा. (पोलो तिला विधवा राणी समजला, ती त्याची गफलत.) एकाच प्रवाशाने एकाच पुस्तकात दोन बंदरांची अशी नोंद ठेवली आणि ती जगभर वाचली गेली.

आता आमच्या त्या वहीतील पानाकडे परत येऊ. भाव, अंतर, कसर यांचे आकडे बदलून व्यवस्था सुधारेल असे आम्हाला वाटले होते. पण आमचे भांडण आकड्यांवरून झालेच नव्हते. ते झाले होते विश्वासघातावरून, आणि नेमका त्याचाच हिशेब ठेवण्याची सोय खेळात नव्हती. डाव संपला की नकाशा पुसला जाई. पुढच्या डावात ठाण्याचा राजा आणि मोटुपल्लीचा राजा एकाच रांगेत, स्वच्छ पाटीने बसत. ज्या जगाला स्मृती नाही, त्या जगात लबाडी हीच शहाणी चाल ठरते.

यावर कोणी म्हणेल की खेळ हा खेळ आहे, त्यात मोसमी वाऱ्यांची वाट पाहत सहा महिने बंदरात कोण बसेल? आक्षेप रास्त आहे. बुद्धिबळात घोड्याला दाणावैरण लागत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही. गाड्यात माल दाखवावा असाही माझा आग्रह नाही. परंतु दुरुस्ती सुचवायचीच झाली तर मी आज एकच सुचवेन. प्रत्येक खेळाडूने आपले शुल्क आणि आपले अभय आरंभीच जाहीर करावे, ते मोडता येईल अशी मुभा असावी, आणि मोडल्याची नोंद त्याच्या नावापुढे पुढील प्रत्येक डावात राहावी. मग दूरचे गाडे कोणाच्या दारी जातात आणि कोणाचे दार टाळतात, ते आपोआप दिसेल.

गंमत अशी, की आमच्या त्या वसतिगृहात ही व्यवस्था खेळाच्या बाहेर आपसूक निर्माण झाली होती. त्या रात्रीनंतर पक्ष बदलणाऱ्या मित्राशी कोणी सहजी तह करेना. त्याच्या बाजाराकडे गाडे जाईनात. शेवटी सत्राच्या अखेरीस त्याने सर्वांना चहा पाजला आणि यापुढे डाव संपेपर्यंत पक्ष बदलणार नाही, असे सर्वांसमक्ष कबूल केले. कोरून ठेवायला आमच्यापाशी शिळा नव्हती. पण तो शब्द त्याने पाळला, आणि त्याच्याकडे पुन्हा गाडे जाऊ लागले.