वाट चालणाऱ्याची : घरासमोरच्या रस्त्यावरील ‘आमच्या जागे’चा इतिहास

१/ घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर दगड, कुंडी किंवा सिमेंट भरलेला डबा ठेवायचा आणि ‘इथे आमची गाडी लागते’ असे जाहीर करायचे, ही रीत आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरच्या गावांतही ती दिसते. हा दावा मात्र मोटारीपेक्षा फार जुना आहे. त्याचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/ उदाहरण म्हणून मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशील डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कालावलची खाडी आणि मध्ये वाळूचा चिंचोळा पट्टा. तळाशीलच्या टोकाला गड नदी समुद्रास मिळते. अशा भूमीवर रस्त्याला पर्यायी रस्ता काढायला जागाच नसते. एका गाडीने वाट अडली, तर मासळीचा टेम्पोही अडतो आणि रुग्णवाहिकाही.

३/ या वादाच्या मुळाशी आपल्या भाषेतील एक शब्द आहे : ‘वहिवाट’. लोक ज्या मार्गाने पूर्वापार ये-जा करतात तो वहिवाटीचा रस्ता. आणि जमीन ज्याच्या प्रत्यक्ष वापरात असते त्याचीही ‘वहिवाट’. वाटसरू आणि वाट अडवणारा, दोघेही एकाच शब्दाचा आधार घेतात. इतिहासाने कौल कोणाला दिला, हे पाहू.

४/ समाजमाध्यमांवर एक गोष्ट वारंवार फिरते : अ‍ॅसिरियाचा राजा सेन्नाखेरीब याने निनेव्हे नगरीत जगातील पहिली ‘नो पार्किंग’ची पाटी लावली. इसवी सनापूर्वी ७०४ ते ६८१ या काळात राज्य करणाऱ्या या राजाने राजमार्गालगत कोरीव शिला उभारल्या, हे खरे. परंतु त्यांवरील जरब रथ उभे करणाऱ्यांना नव्हती. ज्याचे घर राजमार्गावर सरकेल त्याला त्याच्याच घरावर सुळी देण्यात येईल, असा तो हुकूम होता. भय वाहनाचे नव्हते. हळूहळू पुढे सरकणाऱ्या उंबरठ्याचे होते.

५/ कौटिल्याचे अर्थशास्त्र अधिक व्यवहारी आहे. माणसांची व लहान जनावरांची वाट अडवणाऱ्यास १२ पण दंड, मोठ्या जनावरांची वाट अडवल्यास २४, गावाच्या वाटेसाठी २००, तर द्रोणमुखासारख्या मोठ्या ठाण्याच्या मार्गासाठी ५०० पण. या चढत्या क्रमातील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. अडवणाऱ्याने किती जागा व्यापली यावर दंड ठरत नाही. किती जणांचे चालणे थांबले यावर ठरतो.

६/ मराठेशाहीत असे तंटे गोतसभेपुढे जात. देशावर पाटील, कुलकर्णी व बलुतेदार, तर दक्षिण कोकणात गावकर व बारापाचाचे मानकरी यांचा शब्द चाले. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. लिहिता न येणारा शेतकरी त्यावर नांगराची निशाणी करी. नकाशे नसलेल्या त्या काळात शीव कुठली आणि वाट कुठली, याचा मोठा पुरावा शेजाऱ्यांच्या स्मरणात असे. शेजारी बोलला तर वाट टिके. गप्प राहिला तर ती नांगराखाली जाई.

७/ शहरांत हे काम कोतवालाकडे होते. पेशवाईतील पुण्याचा कोतवाल म्हटले की आपल्याला फक्त घाशीराम आणि १७९१ मधील त्याचा भीषण अंत आठवतो. पण बाजारभाव आणि खानेसुमारी यांच्याबरोबरच रस्ते, बोळ व घरे यांविषयीचे तंटे निवडणे हेही कोतवालीचे नित्यकर्म होते. ओटा किती पुढे यावा, हा राज्यकारभाराचा प्रश्न मानला जाई.

८/ इंग्रजी अमदानीत वहिवाटीच्या दोन अर्थांची कायद्याने फारकत झाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व पायवाटा सरकारच्या मालकीच्या ठरवल्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये तेच तत्त्व कायम आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने दुसऱ्याच्या जमिनीतून २० वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून केलेल्या ये-जा करण्याला संरक्षण दिले. ‘वीस वर्षे आम्ही इथेच गाडी लावतो’ असे म्हणणारा याच आकड्याचा आधार घेऊ पाहतो. परंतु तो कायदा दुसऱ्याच्या जमिनीतून जाणाऱ्याची वाट राखण्यासाठी होता; सर्वांचा रस्ता एका घराच्या नावे करण्यासाठी नव्हे.

९/ कोकणच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. शेत, चराई, झाडे, पिके आणि मत्स्यव्यवसाय यांच्या जागांकडे जाणारा रस्ता किंवा वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, दाद मागता येते. मुदत मात्र अडथळा आल्यापासून ६ महिन्यांची. या मुदतीत एक शहाणपण दडलेले आहे : अडथळा ताजा असतानाच बोलावे, तो सवयीचा होण्याआधी.

१०/ दंडाची कथा मात्र विनोदी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सार्वजनिक मार्गात अडथळा आणणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी ही रक्कम जबर होती. रुपया घसरत गेला, बैलगाडीची मोटार झाली, राज्य बदलले. आकडा मात्र तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ ने तो ५,००० रुपयांपर्यंत नेला.

११/ खुद्द पार्किंगचा गाजलेला खटलाही महाराष्ट्रातलाच. दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला, की इमारतीखालील खांबांमधली आणि आवारातील मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. कुंपणाच्या आतील सामाईक जागेबाबत जर हा न्याय, तर कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर एका घराने हक्क सांगणे कितपत टिकेल?

१२/ यावर तोंडवलीचा मच्छीमार एक रास्त शंका काढील : आमच्या होड्याही पुळणीवर ठरलेल्या ठिकाणी लागतात, पावसाळ्यात वर ओढून झापांखाली ठेवल्या जातात, मग तोही जागा अडवण्याचाच प्रकार का? नव्हे. होडी ओढायला एका घरचे हात पुरत नाहीत. जिथे दहा जणांचा खांदा लागतो, तिथे जागेलाही दहा जणांची संमती असते. शिवाय रापण लागली की पुळण सर्वांसाठी मोकळी लागते. हा वापर सामाईक आहे, हंगामी आहे आणि धंद्याच्या गरजेपुरता आहे.

१३/ अमेरिकेतील बॉस्टन शहरात याचेच दूरचे भावंड आढळते. रस्त्यावरचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी करणारा तिथे खुर्ची किंवा डबा ठेवून ती राखतो. शहराने ही रूढी मोडली नाही, तिला मुदत घातली : बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास. श्रमाला मान आहे, पण श्रमातून मालकी उपजत नाही.

१४/ आता शेजाऱ्याची सर्वांत बळकट बाजूही ऐकू. ‘हा रस्ता आमच्याच जमिनीतून गेला आहे.’ कोकणात हे पुष्कळदा खरे असते. गावाच्या सोयीसाठी वाडवडिलांनी गडगा मागे घेतला, मोबदला घेतला नाही, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र तसेच राहिले. अशा माणसाला अतिक्रमण करणारा म्हणणे हा अन्याय होईल. म्हणून भांडणाआधी कागद पाहावा : गावनकाशा, सातबारा, ग्रामपंचायतीकडील रस्त्याची नोंद, जुने संमतीपत्र. दान झाले असेल, तर त्या दानाचा जाहीर मान ठेवावा. आणि दान परत घेता येत नाही, हेही नम्रपणे सांगावे.

१५/ कागद स्पष्ट असूनही दगड हलला नाही, तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम घरी जाऊन बोलणे, शक्यतो दोघांनाही मान्य असलेल्या वडीलधाऱ्यास सोबत घेऊन. मग ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा काढण्याचा अधिकार तिला देते, आणि ती स्वस्थ बसली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. धोकादायक रीतीने उभ्या केलेल्या वाहनासाठी पोलीस. रात्री उठून शेजाऱ्याच्या टायरची हवा सोडणे मात्र कोणत्याही कायद्यात बसत नाही. आणि ज्याच्यासोबत शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायची आहे, त्याच्याशी ते परवडतही नाही.

१६/ निनेव्हेपासून तोंडवलीपर्यंत वाटेचा न्याय एकाच दिशेने झुकलेला दिसतो. वाट चालण्याने घडते, अडवण्याने नव्हे. थांबणाऱ्याला सोय मिळते, हक्क चालणाऱ्याचा असतो. पण हा हक्क आपोआप टिकत नाही. रस्ता एका रात्रीत कोणी गिळत नाही; आज कुंडी, उद्या साखळी, परवा फरशी, अशा क्रमाने तो आखडतो, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी भिडेखातर गप्प बसलेले असते.

१७/ शेवटी एक विनंती. आपल्या गावातील जुन्या वाटांची नावे आणि त्या कुठून कुठे जातात, हे इथे नोंदवा : पाणंद, घाटी, बोळ, बिदी, काय असेल ते. महजरांच्या काळात वाटेची साक्ष शेजाऱ्याच्या तोंडी होती. आज ती लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.