आयफोन आणि ‘शोध’ ही संज्ञा

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी आयफोनची घोषणा केली, तेव्हा आपली कंपनी दूरध्वनीचा नव्याने शोध लावीत आहे, असा त्यांचा दावा होता. ह्या दाव्याची छाननी करू जाता प्रथम शब्दाचीच अडचण उभी राहते. मराठीत अमेरिकेचाही शोध लागतो आणि वाफेच्या यंत्राचाही. आधीपासून असलेले उघडकीस आणणे आणि नसलेले घडविणे ह्या दोन क्रिया आपण एकाच शब्दात कोंबल्या आहेत. ही ढिलाई एरवी दोषास्पद वाटेल. प्रस्तुत प्रकरणी मात्र ती सत्याच्या बरीच जवळ जाते.

कारण ह्या उपकरणाचे घटक पूर्वीच अस्तित्वात होते. बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याचे वर्णन इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील ई. ए. जॉन्सन ह्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले होते. एकाच वेळी अनेक स्पर्श ओळखणाऱ्या फलकावर टोरोंटो विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात काम झाले. स्पर्शपटल असलेला, टिपणवही व दिनदर्शिका सामावणारा ‘सायमन’ हा आय.बी.एम.चा दूरध्वनी १९९४ मध्ये विक्रीस आला होता. बहुस्पर्शाचे तंत्र विकसित करणारी ‘फिंगरवर्क्स’ ही छोटी कंपनी तर ॲपलने २००५ मध्ये विकतच घेतली.

मग नवे काय उरते? कळफलक काढून टाकण्याचा निर्णय. छापील कळा गरज असो वा नसो, जागच्या हलत नाहीत. पटलावरील कळा कामापुरत्या प्रकट होतात व नाहीशा होतात. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे वर्ण जुनेच होते, वाक्यरचना नवी होती. परंतु वाक्यरचनेवर कोणाची मालकी असू शकते काय?

हा प्रश्न पुढे न्यायालयांसमोर प्रत्यक्षच आला. पडद्यावरील चित्र बोटाने सरकवून दूरध्वनी उघडण्याच्या क्लृप्तीसाठी ॲपलने डिसेंबर २००५ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता. तथापि ‘निओनोड’ ह्या स्वीडिश कंपनीच्या ‘एन १’ दूरध्वनीत बोट सरकवून कुलूप उघडण्याची सोय आधीच होती. फरक एवढाच, की तेथे बोटाबरोबर चित्र सरकत नसे. जुलै २०१२ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ही भर कोणाही जाणकारास सहज सुचण्याजोगी ठरवून पेटंट अवैध मानले. जर्मनीच्या संघीय न्यायालयातही ऑगस्ट २०१५ मध्ये ते टिकले नाही. अमेरिकेत मात्र २०१४ मध्ये सॅन होजे येथील ज्यूरीने सॅमसंगविरुद्ध ॲपलची बाजू उचलून धरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने तो निर्णय उलटविला. आणि ७ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो पुन्हा प्रस्थापित केला. ह्या वादात कॅथरीन प्लेझां ह्यांच्या १९९२ च्या शोधनिबंधाचाही आधार घेण्यात आला होता. त्यात भिंतीवरील पटलावर सरकविण्याच्या खटक्यांचे वर्णन आहे. खिशातल्या उपकरणाची अडचण सोडविणारा मनुष्य भिंतीवरच्या उपकरणाकडे कशास वळेल, हा ॲपलचा युक्तिवाद पूर्ण पीठास ग्राह्य वाटला. तो वरकरणी बिनतोड भासतो. पण एका क्षेत्रातील कल्पना दुसऱ्यात नेणे हीच जर नवनिर्मिती मानावयाची, तर जॉन्सनपासून फिंगरवर्क्सपर्यंतच्या साऱ्यांना तिचा वाटा द्यावा लागतो, आणि ते ह्या निकालात कोठेच घडत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. सरकवून उघडण्याची ती रीत ॲपलने स्वतःच्या दूरध्वनींतून सप्टेंबर २०१६ मध्येच, म्हणजे पूर्ण पीठाच्या निकालाच्या काही आठवडे आधी, काढून टाकली होती.