हातघडणीच्या मोटारीतली बैठक

मराठी मध्यमवर्गाच्या घरात जे परकीय शब्द पाहुणे म्हणून आले आणि पुढे घरच्यांसारखे राहून गेले, त्यांत ‘रेक्झिन’ आणि ‘डनलॉपची गादी’ या दोहोंची गणना अवश्य केली पाहिजे. रेक्झिन म्हणजे मँचेस्टरनजीकच्या हाइड गावी चामड्याला पर्याय म्हणून निघालेले, नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेले कापड. आणि डनलॉपची गादी म्हणजे डनलॉप या रबर-कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1929 साली रबराचा चीक फेसाळून सिद्ध केलेला सच्छिद्र पदार्थ. पहिला फेस स्वयंपाकघरातल्या केक फेटण्याच्या यंत्राने काढला होता असे सांगतात, आणि ती गोष्ट खरी असावी असे मानण्याचा मोह मला आवरत नाही. आपल्याकडे हे जिन्नस सोफ्यावर आणि कारकुनाच्या खुर्चीवर विसावले. ब्रिटनमध्ये मात्र महायुद्धोत्तर पंधरावीस वर्षांत, प्लायवूडच्या एका फळीशी त्यांची सोयरीक जमून, त्यांतून एका विलक्षण हुन्नराचे पोषण झाले. तो हुन्नर म्हणजे घरच्या पडवीत स्वहस्ते स्पोर्ट्‌स मोटार बांधणे, आणि सर्व पैसे संपल्यावर तिच्यात बसण्याची काहीतरी तजवीज करणे.

या उद्योगाचे मूळ शौकापेक्षा कराच्या दफ्तरात अधिक सापडते. युद्धकाळात, ऑक्टोबर 1940 पासून, ब्रिटिश सरकारने ‘पर्चेस टॅक्स’ नावाचा खरेदीकर बसविला. तो मालाच्या घाऊक किमतीवर आकारला जाई, आणि 1951 साली मोटारींवर त्याचा दर दोन-तृतीयांशापर्यंत चढला. त्यातच निर्यातीवर सरकारचा कटाक्ष असल्याने नव्या गाड्या बंदराकडे रवाना होत आणि देशातला गिऱ्हाईक यादीत नाव घालून वाट पाहत बसे. पेट्रोलचे रेशनिंग तर मे 1950 पर्यंत चालूच होते. अशा काळात ज्याच्या अंगी थोडे लोहारकाम आणि पुष्कळ उमेद होती, त्याला भंगारातली एखादी जुनी ‘ऑस्टिन सेव्हन’ हाच एकमेव राजमार्ग उरला.

ऑस्टिन सेव्हन ही 1922 ते 1939 या काळात सुमारे तीन लाखांच्या घरात निघालेली चिमुकली मोटार. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सव्वासहा फूट, डाव्या-उजव्या चाकांतले जेमतेम सव्वातीन फुटांहून थोडे अधिक, इंजिन 747 सी. सी.चे, आणि सांगाडा इंग्रजी ‘ए’ या अक्षराच्या आकाराचा, म्हणजे पुढे निमुळता आणि मागे रुंद. तिची कुजलेली काया उतरवून या सांगाड्यावर आपल्या कल्पनेची हलकी काया चढवली की तिला ‘स्पेशल’ म्हणत. आणि अशा कारागीर-शौकिनांची ‘750 मोटर क्लब’ ही संस्था 1939 मध्येच स्थापन झाली होती. युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने 1948 साली प्रेयसीच्या वडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये अशीच एक ऑस्टिन सेव्हन उघडली, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची काया चढवली, आणि तीतून पुढे ‘लोटस’ या नावाचा वंश वाढला, हे सर्वश्रुत आहे.

परंतु या इतिहासात इंजिनाचे आणि गतीचे पोवाडे इतके गायले गेले आहेत की ज्या वस्तूवर बसून ती गती अनुभवायची, त्या वस्तूकडे लक्ष द्यायला कोणाला सवड झाली नाही. त्याला कारणही आहे. बांधणाऱ्याच्या ताळेबंदात बैठक नेहमी शेवटी येते: इंजिनावर, ब्रेकवर, टायरवर खर्च झालेला असतो, घरातल्या माणसांचा संयम संपत आलेला असतो, आणि उरलेल्या दोन-चार पौंडांत आसन बसवायचे असते. कित्येकांनी पहिली चाचणी लाकडी पेटीवर किंवा घरातल्या उशीवर बसून घेतली असेल, असे समजण्यास हरकत नाही.

जुन्या गाडीचीच आसने परत का बसवीत नसत, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. मूळ ऑस्टिनमध्ये माणूस स्टुलावर बसल्यासारखा ताठ आणि उंच बसे. स्पेशलमध्ये त्याच उंचीवर बसला तर काच त्याच्या छातीशी यायची, आणि वळणावर गाडीचा भार वरच्या अंगाला राहून ती अधिक कलायची. सबब आसन जमिनीलगत, सांगाड्याची पट्टी आणि मधून फिरणारा दंड यांच्यामधल्या चिंचोळ्या खाचेत बसवावे लागे. पण माणूस खाली गेला की सुकाणूचे चक्र थेट त्याच्या तोंडासमोर येई, म्हणून सुकाणूच्या पेटीखाली लाकडाची वा धातूची पाचर ठोकून त्याचा दांडा खाली झुकवावा लागे. आणि पाय आता खाली न सोडता पुढे पसरायचे असल्याने पायटेही सरकवावे लागत. एक उशी चार बोटे खाली न्यायची तर निम्मी गाडी हलवायची, असा हा मामला होता.

असल्या खाचेत बसणारे आसन बाजारात स्वस्तात मिळत नसे, म्हणून ते घरीच होई. कृती साधी. मांडीच्या रुंदीची प्लायवूडची फळी, तिला हवेसाठी आणि पाणी निथळण्यासाठी पाडलेली भोके, वर डनलॉपच्या फेसाळ रबराचा थर, त्यावर ताणून बसवलेले रेक्झिन आणि कडेने ओळीने ठोकलेल्या चुका. पाठीसाठी दुसरी फळी, किंचित मागे कललेली. भोकांचे महत्त्व दुर्लक्षून चालत नसे, कारण या गाड्यांना छप्पर असे ते नावापुरते, आणि इंग्लंडचा पाऊस आपल्या मृगासारखा वाजतगाजत न येता दिवसभर मुकाट झिरपत राहतो. फोमने एकदा पाणी प्यायले की तो आठवडाभर ते सोडत नाही. वरून कोरडी दिसणारी गादी बसताक्षणी आपले गुपित उघड करते.

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, याच सुमारास निराळी वाट सापडली होती. युद्धसमाप्तीनंतर बाँबफेकी विमानांतली अ‍ॅल्युमिनियमची आसने शिल्लक मालात कवडीमोलाने निघाली, आणि वजन घटवण्यासाठी अंगभर गोल भोके पाडलेली ती आसने तिथल्या तरुणांनी आपल्या ‘हॉट रॉड’ गाड्यांत बसवली. त्यांतल्या बऱ्याच आसनांचा तळ घमेल्यासारखा खोल असे, कारण वैमानिक आपल्या पॅराशूटच्या गाठोड्यावरच बसत असे. ज्याच्याजवळ पॅराशूट नाही तो त्या खळग्यात असा रुतून बसे की समोरचा रस्ता दिसण्यासाठी पुन्हा उशीच घ्यावी लागे.

ब्रिटनमध्ये 1957 साली चॅपमनने ‘लोटस सेव्हन’ काढली ती मुळात सुट्या भागांत विकण्यासाठीच. खरेदीकर तयार गाडीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र सोबत जोडणीची पत्रिका दिली तर तो माल तयार गाडीच्या सदरात मोडेल अशी अडचण होती. तेव्हा कंपनीने गाडी सुटी कशी करावी याची पत्रिका दिली, आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून आरंभाकडे वाचावी, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. कायद्याच्या अक्षराला इतक्या नम्रतेने वंदन करून त्याला इतक्या सफाईने बगल दिल्याचे उदाहरण आपल्या पेशवाई दफ्तरातही शोधावे लागेल. या सेव्हनमध्ये स्वतंत्र अशी खुर्ची नव्हतीच: तळपत्र्यावर उशा टाकलेल्या, आणि मागे दोघांना मिळून एक आडवी पाठ. चॅपमनचे वजनाशी वैर होते, आणि खुर्ची म्हणजे वजन. पण हातघडणीच्या दरिद्री परंपरेतून आलेल्या माणसाला उशी पुरेशी वाटली, असेही म्हणता येईल.

1 एप्रिल 1973 रोजी खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांचे जुने अभय सरले. त्याच वर्षी लोटस सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. हा हुन्नर आता मंदावणार असे वाटत असताना, 1996 साली रॉन चँपियन नावाच्या शिक्षकाचे, अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधता येते असे मुखपृष्ठावरच सांगणारे पुस्तक निघाले, आणि लोटस सेव्हनच्या वळणाची, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव घातलेली ‘लोकॉस्ट’ गाडी गॅरेजागॅरेजातून आकार घेऊ लागली. अडीचशे पौंडांत रेसिंगची नवी आसने बसणे अशक्यच होते. पुन्हा भंगाराचे वाडे धुंडाळणे आले. 1989 नंतरच्या मझ्दा एमएक्स-5 या छोट्या गाडीची आसने त्यातल्या त्यात अरुंद, म्हणून त्यांना मागणी आली. तरीही कित्येक लोकॉस्टमध्ये ती बसत ना, आणि मग मालक खुर्चीखालचे सरकते रूळ काढून ती थेट तळाला बोल्ट करी, कारण त्या रुळांची दोन बोटे उंची म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या वाऱ्याचा फरक.

1998 पासून अशा गाड्यांना सरकारी तपासणी लागू झाली, आणि उशीची जाडी ही आता खासगी बाब राहिली नाही. खांद्यावरच्या पट्ट्याचा टेकू आसनापासून किती उंच आहे ते मोजले जाते. उशी जितकी जाड, तितका तो टेकू ठेंगणा ठरतो. त्यामुळे सुखासाठी वाढवलेला फोम तपासणीच्या आदल्या रात्री पुन्हा सोलून काढण्याचा प्रसंग येऊ शकतो.

या साऱ्यात मला सर्वांत मनोवेधक वाटते ती शर्यतीच्या मैदानातून घरात आलेली ओतीव आसनाची रीत. गाडीच्या खाचेत प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरायची, चालवणाऱ्याने पायट्यांवर पाय आणि चक्रावर हात ठेवून तिच्यावर बसायचे, आणि मग सोबत्याने दोन द्रव भराभर ढवळून पाठीमागे पिशवीत ओतायचे. काही क्षणांत मिश्रण ऊन होऊ लागते, फुगते, कमरेच्या खळग्यात आणि बरगड्यांच्या बाजूने चढत जाते. या वेळी हसू नये, खोकू नये, मान वळवून पाहू नये. कारण जे काही कराल ते कायमचे नोंदले जाईल. मिश्रण घट्ट झाले की त्या माणसाला दोघांनी बखोटीला धरून उपसून काढायचे, कडा सुरीने तासायच्या, आणि वर कापड चढवायचे. इतक्या अल्प खर्चात इतके तंतोतंत आसन राजेरजवाड्यांच्या पदरच्या कारागिरांनाही साधले नसते.

अडचण उद्भवते ती गाडी विकताना. नवा मालक सहा फुटी निघाला, किंवा पोटाने सुखवस्तू निघाला, की त्या साच्यात त्याचा खांदा एकीकडे आणि कंबर दुसरीकडे जाते. सौदा ठरतो, पैसे मोजले जातात. आणि घरी पोहोचल्यावर गाडीतून पहिली बाहेर पडते ती बैठक. मग ती कित्येक वर्षे गॅरेजच्या कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांच्या मागे, परक्या माणसाच्या पाठीचा खळगा सांभाळीत पडून राहते, आणि नवा मालक टेप घेऊन सांगाड्याची पट्टी आणि मधल्या दंडावरचा बोगदा यांमधले अंतर मोजायला बसतो.