मोटारीचे इंजिन : बांधणी आणि लांबची रवानगी

गाडीतून उतरवलेले इंजिन दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी किंवा दुसऱ्या गाडीत बसवण्यासाठी परगावी सुखरूप पोहोचवण्याचे काम. छोट्या मोटारीच्या इंजिनाचे वजन साधारण ८० ते १५० किलो असते. मुंबईत लोअर परळच्या गल्ल्यांत मोठा ट्रक शिरणे कठीण. म्हणून इंजिन आधी टेम्पोने भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात जाते आणि तिथून ट्रकने पुढे. रस्त्यातल्या खड्ड्यांपेक्षा या चढउतारीतच ते अधिक दुखावते.

जुन्या गाड्यांसाठी ही काळजी फारच मोलाची. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १,०८९ घनसेंमी.चे. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेल्या. कारखान्यातून नवा ब्लॉक आता येणार नाही. आहे तो तडकला तर दुसरा शोधत हिंडावे लागते.

बांधणीआधी ऑइल, कूलंट आणि पेट्रोल पूर्ण काढतात. इंधनाचा अंश उरलेले इंजिन विमानवाहतुकीत धोकादायक माल ठरते. स्पार्क प्लग जागेवरच ठेवावेत, बाकीची तोंडे झाकणांनी बंद करावीत. चिंध्या कोंबू नयेत. त्या आत राहून जातात. पावसाळ्यात गंजरोधक कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे इंजिनाचा भार कशावर येतो. तो फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन गाडीला जखडण्याच्या, जागांवर घ्यावा, ऑइल चेंबरवर कधीही नाही. चेंबर दबला की तळ ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला भिडतो, ऑइल पुरेसे चढत नाही आणि बेअरिंग जळतात. माल ताब्यात घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या टायरवर इंजिन ठेवून दोरीने आवळण्याची पद्धत म्हणूनच वाईट. जाड लाकडाची चौकट करून इंजिन तिला बोल्टने जखडावे आणि खाली फोर्कलिफ्टच्या पात्यांपुरती मोकळी जागा ठेवावी. परदेशी जाणारे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून त्यावर शिक्का मारलेला लागतो.

इंजिन क्रमांकाचा फोटो जवळ ठेवावा. परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते.

बांधलेले इंजिन शेवटी माणसेच उचलतात. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये कायदा झाला, तरी वजन न लिहिलेले खोके आजही त्यांच्या पाठीवर येतात. पाठवणाऱ्याने वजन चारही बाजूंना ठळक मराठीत लिहावे.