तोफ आणि तिचें वाहन

जपानी लष्कराच्या यंत्रांच्या नांवांतील आंकडा त्यांच्या राजशकाच्या अखेरच्या अंकांवरून घेतलेला असे. ‘९४ नमुन्याची’ सहाचाकी मालमोटार म्हणजे २५९४ ची, आपल्या गणनेनें १९३४ ची. पण याच आंकड्याची एक ७५ मिलिमीटरची पहाडी तोफही होती. ती सुटी केली म्हणजे तिचे अकरा भाग होत आणि ते सहा घोड्यांच्या पाठीवर चढत. एकाच सुमारास मोटार आणि घोडा या दोहोंवर भिस्त ठेवणारें हें लष्कर मला मोठें विलक्षण वाटतें.

मोटारी बांधण्याची विद्या तेथें नवीच होती. १९२५ पासून फोर्ड व १९२७ पासून जनरल मोटर्स या कंपन्या जपानांतच गाड्या जोडून विकीत. १९३६ च्या कायद्यानें त्यांना आळा बसला. परंतु मोटार स्वदेशी झाली तरी तिला सडक लागतेच!

मार्च १९४४ मध्यें चिंदविन ओलांडतांना याचा प्रत्यय आला. ३३ व्या डिव्हिजनबरोबर रणगाडे व जड तोफा होत्या. डोंगरांतून जाणाऱ्या १५ व्या व ३१ व्या डिव्हिजनांना पहाडी तोफांवरच भागवावें लागलें. सेनापति मुतागुची यानें बैल बरोबर दिले. आधीं त्यांनीं ओझें वाहावें, मग त्यांनाच खावें! पुष्कळ बैल नदींतच बुडाले. सांगशाक येथें मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन ज्या ब्रिगेडींत होती, तिनें २२ ते २६ मार्चपर्यंत त्यांची वाट अडविली. मेअखेर सातो यानें वरिष्ठांचा हुकूम मोडून कोहिमाहून ३१ वी डिव्हिजन मागें घेण्याचें ठरविलें. त्याचें म्हणणें एवढेंच होतें कीं, कबूल केलेलें अन्न आणि दारूगोळा आलाच नाहीं.