अहल्याबाईंच्या हिमालयांतील धर्मकृत्यांची यादी व तिच्यांतील स्थळांचा निर्णय

खर्ड्याचें नांव निघालें कीं इतिहासाच्या अभ्यासकापुढें ता. ११ मार्च १७९५ चा दिवस उभा राहतो. निजामअल्लीची फौज, सवाई माधवरावांच्या नांवानें एकवटलेले सरदार, परशुरामभाऊंची हिंमत आणि शेवटीं निंबाळकरांच्या किल्ल्यांत कोंडला गेलेला निजाम, हा वृत्तान्त या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. त्या मोहिमेंत होळकरांची फौज तुकोजीरावांच्या हाताखालीं होती. ज्यांच्या पुण्याईवर ती दौलत चालली होती त्या अहल्याबाई त्या वेळीं नर्मदातीरीं महेश्वरास होत्या, आणि पुढें पांच महिन्यांनीं, ता. १३ ऑगस्ट रोजीं, त्यांनीं तेथेंच देह ठेविला. त्यांचें जन्मग्राम चौंडी हें खर्ड्याप्रमाणेंच जामखेड तालुक्यांतील होय. एकाच तालुक्यांतील दोन गांवांपैकीं एकाचें नांव रणामुळें राहिलें, आणि दुसऱ्याच्या लेकीचें नांव धर्मशाळांच्या रूपानें पार हिमालयाच्या खोऱ्यांत पोंचलें. खर्ड्याच्या लढाईवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. हिमालयांतील त्या धर्मशाळांविषयीं मात्र एक लहानशी यादी एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरली जात आहे. ती कोणी नकाशाशेजारीं ठेवून वाचल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. यंदाच्या उन्हाळ्यांत आपल्यापैकीं कांहीं मंडळी गढवालाकडे जाणार असतील. त्यांच्या हातीं ती यादी शोधून दिलेली असावी, एवढ्याच हेतूनें हें टिपण लिहीत आहें.

चरित्रांतून व पुस्तिकांतून आढळणारी ती यादी सामान्यतः अशी आहे. केदारनाथ येथें धर्मशाळा व कुंड. बदरीनाथ या सदराखालीं केदारेश्वर व हरि यांचीं मंदिरें; रंगदचट्टी, बिदरचट्टी, व्यासगंगा, तंगनाथ व पावली येथें धर्मशाळा; गौरकुंड व कुंडछत्री; देवप्रयागीं बाग व ऊन पाण्याचें कुंड; आणि गाईंकरितां कुरण. गंगोत्री या सदराखालीं विश्वनाथ, केदारनाथ, अन्नपूर्णा व भैरव यांचीं देवळें आणि अनेक धर्मशाळा. चट्टी म्हणजे पहाडी वाटेवरील मुक्कामाची जागा, हें ज्यांनीं ती यात्रा केली आहे त्यांस ठाऊक आहेच.

ही नांवें वाचतांच पहिली शंका येते ती तंगनाथाविषयीं. या नांवाचें प्रसिद्ध स्थान त्या प्रदेशांत नाहीं. तुंगनाथ आहे, आणि तें पंचकेदारांपैकीं एक असून सुमारें बारा हजार फूट उंचीवर आहे. ‘तुंग’ म्हणजे उंच, या अर्थानें नांव यथार्थ आहे. ‘तंग’ शब्दाला संस्कृतांत तेथें कांहीं प्रयोजन नाहीं. मग उकार गेला कोठें? मोडी लेखनांत ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नसतो व अनुस्वार तर वारंवार गळतो, हें खरें. पण येथें अनुस्वार राहिला आहे आणि उकार तेवढा लोपला आहे. हा प्रमाद मोडीचा वाटत नाहीं. इंग्रजी लेखनांत ‘पंजाब’ व ‘कलकत्ता’ यांतील अकार ज्या अक्षरानें लिहीत तेंच अक्षर तुंगनाथांतील उकारालाही वापरीत. म्हणजे मूळ मराठी टिपणांतील शुद्ध नांव एकदां इंग्रजी छपाईंत गेलें आणि तेथून परत मराठींत येतांना ‘तंगनाथ’ होऊन आलें, असें माझें अनुमान आहे. गौरकुंडाची गतिही अशीच. तें केदारनाथाच्या पायथ्याचें गौरीकुंड होय, हें सांगण्यास फार युक्तिवाद नको. आपल्याच घरचें नांव परक्या लिपींतून फिरून आलें म्हणजे तें कसें ओळखेनासें होतें, याचीं उदाहरणें दप्तरें चाळणाऱ्यांस पावलोपावलीं भेटतात.

पावलीचा प्रकार निराळा व अधिक मोलाचा आहे. येथें गेला आहे तो अनुस्वार, आणि हा दोष मोडीचा असावा. हें स्थळ म्हणजे पंवाली. जुन्या काळीं गंगोत्रीहून केदारनाथास जाणारा यात्रेकरू आजच्याप्रमाणें खालीं उतरून वळसा घालीत नसे. तो भटवाडीच्या पुढें मल्ल्यापाशीं भागीरथीचें खोरें सोडी, बेलकाचा डोंगर चढून बूढाकेदारास येई, तेथून भिलंगनेच्या खोऱ्यांत घुत्तूस उतरे, आणि मग पंवालीची चढण चढून त्रियुगीनारायणावरून मंदाकिनीच्या खोऱ्यांत गौरीकुंडास पोंचे. पंवालीचें पठार सुमारें साडेअकरा हजार फुटांवर असून त्यावर वृक्ष नाहीं, केवळ गवत आहे. अशा पठारास गढवाली लोक ‘बुग्याल’ म्हणतात. ही चढण इतकी दुर्घट कीं तिची बरोबरी लढाईशीं करणारी म्हण त्या मुलुखांत रूढ आहे. वर पोंचल्यावर पाऊस अथवा गारा आल्या तर आडोसा नाहीं व जळणही नाहीं. साऱ्या मार्गांत धर्मशाळेची खरी गरज जर कोठें असेल तर ती येथें. आणि यादींत तिचें नांव आहे.

व्यासगंगेविषयीं मतभेदास जागा आहे. हृषीकेशाच्या वर व देवप्रयागाच्या खालीं नयार नदी गंगेस मिळते त्या स्थानास व्यासघाट म्हणतात, आणि तो जुन्या पायवाटेवरील नांवाजलेला मुक्काम होता. तोच येथें अभिप्रेत असावा असें मला वाटतें. रंगदचट्टी व बिदरचट्टी यांचा निर्णय केवळ ध्वनिसाम्यावरून करणें धोक्याचें, म्हणून तीं दोन नांवें बाजूस ठेवितों. देवप्रयागच्या ऊन पाण्याच्या कुंडाबद्दल मात्र निःशंकपणें लिहितां येतें. देवप्रयागीं अलकनंदा व भागीरथी यांचा संगम आहे, रघुनाथाचें पुरातन देऊळ आहे, पण उष्णोदक नाहीं. उष्णोदकें आहेत तीं बदरीनाथीं तप्तकुंडांत व गौरीकुंडीं. तेव्हां मूळ टिपणांत ‘देवप्रयागीं बाग’ हें एक कलम व ‘ऊन पाण्याचें कुंड’ हें दुसरें कलम असून, मधला दंड गळाल्यानें दोन्हीं एक झालीं असलीं पाहिजेत. ज्यांनीं जमाखर्चाचे तावे वाचले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

गंगोत्रीचें सदरही असेंच जपून वाचावें लागतें. गंगोत्रीचें देऊळ गुरख्यांचा सेनापति अमरसिंग थापा यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बांधिलें, म्हणजे अहल्याबाईंच्या निधनानंतर. त्या आधीं त्या एकाकी ठिकाणीं एकदम चार देवळें उठलीं असतील हें संभवनीय दिसत नाहीं. विश्वनाथ, अन्नपूर्णा, भैरव हा देवतासमूह काशीचा आहे, आणि गंगोत्रीच्या वाटेवर बाराहाट ऊर्फ उत्तरकाशी येथें विश्वनाथाचें प्राचीन स्थान आहेच. तेव्हां ‘गंगोत्री’ याचा अर्थ ‘गंगोत्रीची वाट’ असा घेतला तर यादी सरळ लागते. उत्तरकाशीचें विश्वनाथाचें देऊळ १८५७ मध्यें टेहरीच्या राणीनें नव्यानें बांधिलें, म्हणून तेथें प्रत्यक्ष खूण सांपडण्याची आशा थोडी.

आतां हीं शुद्ध केलेलीं नांवें नकाशावर मांडावींत. यादींतील क्रम मार्गाचा नाहीं. पण मांडल्यावर जें दिसतें तें असें : व्यासघाट, देवप्रयाग, तेथून भागीरथीनें उत्तरकाशी व गंगोत्री, मग पंवाली, गौरीकुंड, केदारनाथ, तुंगनाथ, आणि शेवटीं बदरीनाथ. गंगोत्री, केदार, बदरी या क्रमानें यात्रा करणाराचा हा एकच अखंड मार्ग आहे. तुंगनाथ हें केदाराकडून बदरीकडे जातांना उखीमठ व चोपता सोडल्यावर येतें, आणि तेथून वाट मंडल व गोपेश्वरावरून चमोलीस उतरते. म्हणजे भागीरथी, भिलंगना, मंदाकिनी व अलकनंदा या चार खोऱ्यांमधील जे दोन अत्यंत उंच व निराश्रय खांदे ओलांडावे लागत, त्या दोहोंवर बाईंची धर्मशाळा होती. देवळांस दान देणारे राजे पुष्कळ झाले. खांद्यावरच्या गवतांत यात्रेकरू कोठें थंडीनें मरतो, याची चौकशी करून तेथें दगड नेणारा दाता विरळा. ती चौकशी वाट स्वतः चालून आलेल्या माणसाखेरीज होत नाहीं. म्हणून महेश्वर दरबारचा कोणी जाणता कारकून अथवा तीर्थोपाध्याय या मार्गानें समग्र फिरून आला होता व त्यानें आपली हकीकत लिहून दिली होती, असा तर्क मी करितों. हा कागद मिळाला तर त्याचें मोल खर्ड्याच्या एखाद्या नव्या पत्राहून कमी ठरणार नाहीं.

हा मुलूख होळकरांचा तर नव्हेच, मराठ्यांचाही कधीं नव्हता, हें विसरतां नये. १७७२ च्या आरंभीं विसाजी कृष्ण, महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांच्या फौजांनीं हरिद्वाराखालीं चंडीघाटाजवळ गंगा ओलांडून झाबेताखानाचा मोड केला व नजीबाबादचा पथरगड घेतला. हिमालयाच्या पायथ्याशीं मराठी फौज आली ती इतकी. वरच्या खोऱ्यांत राज्य होतें श्रीनगरच्या पंवार राजांचें. प्रदीपशाहापासून प्रद्युम्नशाहापर्यंत चार राजे बाईंच्या कारकीर्दींत येतात. (हें श्रीनगर गढवालचें, काश्मीरचें नव्हे. समर्थ रामदास व शिखांचे गुरु हरगोविंद यांची भेट श्रीनगरास झाली अशी जी परंपरा सांगतात, तेथेंही हेंच श्रीनगर समजावयाचें आहे. पुष्कळांचा येथें घोटाळा होतो.) परराज्यांत बांधकाम चालवावयाचें तर राजाची परवानगी, स्थानिक गवंडी व पैसा पोंचविणारी हुंडी हीं तिन्हीं हवींत. तीं कोणाच्या हातून झालीं असतील?

याचें उत्तर देवप्रयागांत शोधावें असें मला वाटतें. १८०८ मध्यें वेब, रेपर व हिअरसे हे इंग्रज अधिकारी गंगेच्या उगमाच्या शोधार्थ त्या वाटेनें गेले. देवप्रयागचे ब्राह्मण हे पुणें व दक्षिण देशाकडून वेळोवेळीं येऊन राहिलेल्यांचे वंशज आहेत, असें रेपरनें आपल्या वृत्तान्तांत नमूद केलें आहे. बदरीनाथाचे पंडे ते हेच. बदरीचे रावळ केरळांतील नंबूद्री व केदाराचे रावळ कर्नाटकांतील वीरशैव, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दोहोंच्या मध्यें ही दक्षिणी वसाहत होती याकडे तितकें लक्ष गेलेलें नाहीं. त्यांच्या वह्यांत यजमानांचीं नांवें गांववार व कुळवार लिहिलेलीं असतात. आपल्या गांवचें पान विचारतांना आजच्या जिल्ह्याचें नांव सांगून भागणार नाहीं. खर्ड्याचे निंबाळकर निजामाच्या पदरचे, म्हणून तेथील जुनी नोंद मोगलाईंत सांपडण्याचा संभव अधिक. देवप्रयागींच कै. पं. चक्रधर जोशी यांनीं १९४६ मध्यें स्थापिलेली नक्षत्र वेधशाळा असून तिच्या संग्रहीं हस्तलिखितेंही आहेत. पोथ्या जमविणाऱ्यांनीं तें स्थान चुकवूं नये.

दगडाच्या पुराव्यावर विसंबण्याची वेळ मात्र बहुतेक गेली आहे. माल्कमच्या १८२३ च्या ग्रंथांत बाईंच्या केदारनाथाकडील दानधर्माचा निर्देश आहे, व १८१८ मध्यें त्या यात्रेस गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांची धर्मशाळा व कुंड पाहिल्याचेंही तो सांगतो. पण तत्पूर्वींच १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपानें बदरीनाथाच्या देवळासह गढवालचीं पुष्कळ बांधकामें खिळखिळीं केलीं होतीं. १८९४ च्या ऑगस्टांत गोहन्याचें सरोवर फुटून श्रीनगरची जुनी वस्ती वाहून गेली. १९६२ नंतर लष्कराच्या गरजेनें सडका वाढल्या आणि पायवाटेवरच्या चट्ट्या ओस पडल्या. जुनें टेहरी शहर भिलंगनेच्या संगमासह धरणाच्या पाण्याखालीं गेलें. १६ व १७ जून २०१३ च्या प्रलयांत केदारपुरी उद्ध्वस्त झाली, देऊळ तेवढें उभें राहिलें. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बाबा काळी कमळीवाले यांच्या संस्थेनें या वाटेवर जागजागीं धर्मशाळा उभारल्या, म्हणून एखाद्या पडक्या भिंतीवर आज जें नांव ऐकूं येईल तें मूळ बांधणाराचेंच असेल असें समजूं नये.

जाणाऱ्यांसाठीं चार गोष्टी लिहितों. महाराष्ट्रांतून हिमालयाची वाट नवी नव्हे. रामगिरि म्हणजे आपलें रामटेक हें मत धरलें तर कालिदासाचा मेघही येथूनच निघून कनखलावरून वर गेला. फरक इतकाच कीं मेघ आषाढांत निघाला, आपण वैशाखांत निघावें. गंगोत्रीचीं द्वारें अक्षय्यतृतीयेस उघडतात, केदार व बदरी यांचीं त्याच सुमारास, आणि केदारनाथाचें देऊळ भाऊबीजेस मिटतें. भागीरथीच्या खोऱ्यांत हरसीलचीं देवदारवनें पाहावींत. चोपत्याच्या उतारावर बुरांसाचीं तांबडीं फुलें वैशाखाच्या आरंभीं असतात. तेथून तुंगनाथाची फरसबंद चढण सुमारें साडेतीन किलोमीटर आहे. फ्रँक स्माइथनें १९३१ मध्यें पाहून प्रसिद्धीस आणलेली फुलांची दरी मात्र श्रावणांत खुलते. उन्हाळ्यांत तिकडे जाणारा बर्फ पाहून परत येतो.

पंवालीकरितां घुत्तूपर्यंत मोटार जाते, पुढें पायीं चढावें लागतें. ज्येष्ठाच्या आधीं तेथें बर्फ असण्याचा संभव, आणि आषाढांत धुकें. मधल्या दिवसांत जो जाईल त्यानें पठारावर त्रियुगीनारायणाकडील उताराच्या तोंडाशीं जुन्या चौथऱ्याचा शोध घ्यावा, दिसल्यास लांबीरुंदी मोजून घ्यावी, दगड घडीव कीं अनघड तें लिहावें, आणि घुत्तूच्या वृद्ध गुराख्यांस त्या जागेचें नांव विचारून तें जसेंच्या तसें देवनागरींत उतरून आणावें.