उपहासाचे उत्तर

पैनगंगेकाठच्या सरहद्दीवरील आदिलाबाद जिल्ह्यातले बेला हे आमचे गाव. राज्य तेलंगणाचे, पण कीर्तन मराठीतच रंगते. मध्यंतरी येथील देवळात बुवांनी 'बाटलेल्यां'वर एक चुटका सांगितला. मंडप हसला, प्रस्तुत लेखकही हसला. मागल्या बाजूस एक ख्रिस्ती गृहस्थ बसले होते. ते हसले नाहीत आणि उठूनही गेले नाहीत, आरतीपर्यंत थांबले. परतताना मनात आले, ज्याच्या श्रद्धेची अशी थट्टा होते त्याने करावे तरी काय?

वकिलाला प्रथम कायदा आठवतो. १८६० च्या दंडसंहितेतील कलम २९८ ने, धर्मभावना दुखविण्याच्या बुद्धिपुरस्सर हेतूने उच्चारलेला शब्द दंडनीय ठरविला. १९२७ साली २९५-अ ची भर पडली. १ जुलै २०२४ पासून ही कलमे भारतीय न्याय संहितेत ३०२ व २९९ या अंकांनी नांदत आहेत. परंतु हेतू सिद्ध करता करता फिर्यादी थकतो, आणि शिक्षा झाली तरी हसणाऱ्याचे मन पालटत नाही.

थट्टा एकट्या आपल्याच बाजूने झाली असेही नाही. मोरभट दांडेकरांना उत्तर देताना १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी हिंदुधर्माचे वाभाडे काढणारे पुस्तकच लिहिले. पुढे १८५७ त मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी पाद्र्यांशी जाहीर वाद घातला. मात्र मिशनऱ्याच्या पाठीशी राज्यकर्त्यांची जात होती. एतद्देशीय ख्रिस्त्याला दोहोंकडून सोसावे लागे: गोऱ्यांच्या पंक्तीला तो खालचा, आपल्या पंक्तीला तो नव्हताच.

या कोंडीतून वाट काढली ती नारायण वामन टिळकांनी. कोकणातला हा चित्पावन कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. गणगोत तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती म्हणजे साहेबाची नक्कल, हा त्या काळच्या उपहासाचा मुख्य मुद्दा. टिळकांनी त्याचा प्रतिवाद केला नाही. तो मुद्दाच निराधार करून टाकला. येशूची भक्ती त्यांनी अभंगांत व भजनांत आणली, तुकोबांचे ऋण उघड मानले, आणि १९१७ त मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहिले. अहमदनगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे राहिले, ते लक्ष्मीबाईंचे लाडके झाले, आणि हिंदूच राहिले. धर्मांतरितांच्या घरात जाल तर बाटाल, असे म्हणणाऱ्यांस याहून मोठे उत्तर कोणते?

लक्ष्मीबाईंची रीत तर आणखी निराळी. 'स्मृतिचित्रे'त त्या आपल्या सोवळ्याओवळ्याच्या फजित्या स्वतःच हसत हसत सांगतात. जी बाई स्वतःवर आधी हसते, तिच्यावर दुसऱ्याने काय हसावे! आमच्या आईसारख्या कट्टर वारकरी बाईने ते पुस्तक दोनदा वाचले, हे येथे नमूद करतो.

असो. पुढच्या एकादशीला बुवांना गाठून मागे बसलेल्या त्या गृहस्थांविषयी सांगितले. बुवा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, हे त्याच दिवशी का नाही सांगितलेत?"